कंप्रेसरवरचं इंजिन

सकाळी सव्वाआठला धाकट्याची गाडी गॅरेजच्या फाटकाच्या उजव्या खांबावर आदळली. चालवत होता थोरला. शेजारी आप्पा, मागे आई, बहीण आक्का आणि धाकट्याची बायको. थोरली सून फाटक धरून उभी होती आणि ज्याची गाडी तो धाकटा तिच्या बाजूला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता.

गाडीला वेग म्हणावा असा नव्हताच. शेडपासून फाटकापर्यंत उतार आहे, त्या उतारानं ती आली. रस्त्यावर सिलिंडरवाल्याचा टेम्पो आडवा आलेला पाहून थोरल्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी थांबली नाही. थोरलीनं काचेतून नवऱ्याचा चेहरा पाहिला. तो पेडलवर दोन्ही पायांनी जवळजवळ उभा राहिला होता. मग त्यानं स्टिअरिंग खांबाकडे ओढलं. टेम्पोवाला शिवी हासडून निघून गेला.

मोडतोड फार झाली नाही. उजवा दिवा फुटला, बंपर आत गेला. आप्पांच्या कपाळाला टेंगूळ आलं, आईच्या चष्म्याची दांडी तुटली, धाकटीचं मनगट पुढच्या सीटवर आपटून सुजलं. आक्काला काहीच झालं नाही, म्हणून ती सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

पाच माणसं गाडीत असण्याचं कारण म्हणजे घरचा रिवाज. ज्या हातानं गाडी जोडली त्याच हातानं ती पहिल्यांदा चालवायची, आणि आत आपली माणसं बसवायची. गिऱ्हाइकाच्या ताब्यात त्यानंतर. आप्पांनी गॅरेज उघडलं तेव्हापासून हे चालत आलं होतं आणि त्याचा धंद्याला फायदाही झाला होता; जो माणूस स्वतःच्या बायकापोरांना बसवून फेरी मारतो त्याच्या कामावर लोक विश्वास ठेवतात. थोरली मात्र कधी बसली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत तिला मळमळलं, आणि आप्पांनी तिला कायमचं उतरवलं. तेव्हापासून तिच्याकडे फाटक.

आप्पा कपाळ दाबत उतरले.

"ब्रेक कुणी तपासले?"

"मी," थोरला म्हणाला.

"तपासले म्हणजे काय केलंस? बघितलेस?"

"तेल बदललं. लायनर नवे टाकले."

"मग पेडल दगडासारखं का झालं?"

वाकलेलं बॉनेट पहारीनं उचकटून थोरला आत बघत राहिला. आत आप्पांचं जुनं डिझेल इंजिन होतं, धुऊन-पुसून, चंदेरी रंग मारून नव्या नवरीसारखं बसवलेलं.

धाकट्याच्या गाडीचं मूळ पेट्रोलचं इंजिन महिन्यापूर्वी तापून बसलं होतं. हेड वाकलं. त्याच सुमारास धाकट्याला शहरात लिफ्ट दुरुस्तीची नोकरी मिळाली. गॅरेजमध्ये तो वायरिंग करायचा. तिकडे इमारती-इमारतींतून फिरून लिफ्टचं वायरिंग करायचं होतं, आणि अट होती स्वतःची गाडी असण्याची, कारण हत्यारं घेऊन दिवसभर हिंडायचं. आप्पा म्हणाले, लांबचा पल्ला आहे, डिझेलच टाका, घरचं इंजिन पडलंय. हे घरचं इंजिन म्हणजे आप्पांच्या पहिल्या टॅक्सीचं. टॅक्सी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी ते लोखंडी चौकटीवर बसवून त्यावर गॅरेजचा कंप्रेसर चालवला. कितीतरी वर्षं त्यानं एका जागी उभं राहून हवा भरली. मग विजेची मोटर आली आणि ते ताडपत्रीखाली गेलं.

थोरल्यानं ते बाहेर काढलं, खोललं, नव्या रिंगा टाकल्या. पेट्रोलच्या गाडीत ते जड पडणार म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, माउंटिंग नवीन घडवली, गिअरबॉक्सशी जुळावं म्हणून मधली प्लेट स्वतः कातून घेतली. टाकी उतरवून धुतली. आप्पांनी धाकट्याला बजावलं होतं, आपल्याच गाडीला आपण हात लावायचा नसतो, दादाला करू दे. थोरली शेडच्या कोपऱ्यात सीटकव्हरं शिवते. तिथून तिला नवरा दिसायचा. तो काम करताना शीळ घालत होता. लग्नापासून तिनं ती ऐकली नव्हती.

"व्हॅक्युम," धाकटा मागून म्हणाला. मोबाइल त्यानं खिशात टाकला होता. "दादा, बूस्टरला व्हॅक्युम कुठून दिलास?"

थोरल्याचा हात बॉनेटवरच थांबला.

पेट्रोलचं इंजिन श्वास ओढतं, त्या ओढीवर ब्रेकचा बूस्टर चालतो आणि पाय हलका पडतो. डिझेलला ती ओढ नसते. त्याला त्यासाठी वेगळा पंप लागतो. टॅक्सीत असताना या इंजिनाला तो होता. आता त्या जागी चार बोल्टचं पत्र्याचं झाकण होतं. थोरल्यानं ते झाकण रॉकेलनं घासलं होतं, बोल्ट पॉलिश केले होते, वर रंगही मारला होता. ते कशाचं झाकण आहे हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पंप काढलाय इथला," तो म्हणाला.

"कुणी?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही. कंप्रेसरवर बसवताना."

"मी?" आप्पा वाकून बघू लागले. "काढला असेल. कंप्रेसरला कुठं ब्रेक लागतो?"

"बरोबर आहे आप्पा," रस्त्यापलीकडून चहाचा ग्लास घेऊन आलेले जावई म्हणाले, "कंप्रेसर कुठं पळून चाललाय!" आणि एकटेच हसले. आक्काचा हा नवरा मालाचा ट्रक चालवतो. ट्रक कोपऱ्यावर उभा करून बायकोला फेरीला सोडायला ते आले होते, दुपारी त्यांना शहराकडे माल न्यायचा होता.

"मी काढला हे मी विसरलो," आप्पा म्हणाले, "माझं वय झालं. हा का विसरला? बसवणारा हा."

आईला कुणीतरी स्टूल दिलं होतं. तुटका चष्मा ओच्यात धरून ती म्हणाली, "गाडीच्याच मनात जायचं नाही. इथंच कळलं ते बरं झालं."

"गाडीच्या तोंडून तुम्ही बोलू नका, आई," धाकटी म्हणाली.

"अगं, कुणाशी बोलतेयस?" आक्का पुढे झाली.

"आईंशीच. गाडीशी बोलून झालं माझं." तिनं सुजलेलं मनगट वर धरलं.

"हाड मोडलंय का? नाही ना? मग कशाला एवढा कांगावा!"

"तुम्हाला खरचटलंही नाही, आक्का, तरी अख्खी गल्ली जमवलीत."

जावयांना भांडण सहन होत नाही. ते मिटवायला गेले की वाढतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांना एकट्याला नाही.

"अरे, एवढं तापायचं काय त्यात? पंप बसेल, दिवा बसेल. आणि तसंही ही गाडी शहरात कुठं शिरणार होती? नाक्यावरूनच मागे फिरवतात. इतकं जुनं डिझेल आत सोडत नाहीत आता. धूर तपासतात, शंका आली की बॉनेट उघडायला लावतात, इंजिनावर साल कोरलेलं असतं. हे तर माझ्या लग्नाच्या आधीचं." ग्लासातला चहा संपवून ते म्हणाले, "मी थोरल्याला तेव्हाच बोललो होतो."

सगळे त्यांच्याकडे वळले. जावयांनी रिकाम्या ग्लासात पाहिलं.

"काय बोलला होतात?" धाकट्यानं विचारलं.

"नाही, म्हणजे... सहज. चहा पिताना निघालं."

"दादा?"

थोरला हातातला पाना फडक्यानं पुसत होता. पाना स्वच्छ होता. थोरलीनं ते पाहिलं आणि तिला उत्तर मिळालं. आता बाकीच्यांना मिळायचं होतं.

"दादा, तुला माहीत होतं?"

"म्हणाले होते," थोरला म्हणाला.

"आणि तू बसवलंस?"

"आप्पा म्हणाले डिझेल टाक."

"आप्पांना तू सांगितलंस का, की ही गाडी आत जाणार नाही?"

पाना पुन्हा पुसला गेला.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज विचित्र शांत होता. "हे उतरव. माझं पेट्रोलचं परत बसव. हेडच वाकलंय ना? दुसरं हेड मिळेल. कामावर मी दोन दिवस उशिरा येतो म्हणून सांगतो."

"ते भंगारात गेलं."

"कधी? कुणी दिलं?"

थोरल्यानं आप्पांकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

"जागा अडवून बसलं होतं," आप्पा म्हणाले.

धाकटी हसली. बराच वेळ हसली. "वा! दावं बांधलं ते बांधलं, वर त्याला रंग मारून आहेर म्हणून दिलं."

---

पाऊण तासानं थोरला आपणहून शिवणाच्या कोपऱ्यात आला. रेक्झिनच्या गुंडाळीवर बसला. थोरली मशीन चालवत राहिली. तिच्या हातात एका व्हॅनची मागची सीट होती.

"आक्कांच्या यजमानांनी कधी सांगितलं होतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"आधीच."

"जुनं उतरवायच्या आधी, की हे बसवायच्या आधी?"

"दोन्हीच्या."

"आणि आप्पांना माहीत होतं?"

"त्यांना काय माहीत असतं नि काय नसतं, ते मला आयुष्यात कळलंय का? मी त्यांना बोललो नाही. ते मला बोलले नाहीत."

तिनं मशीन थांबवलं. "म्हणजे हे तुमचं. आप्पांच्या नावावर घालू नका."

"रोज ठरवायचो, उद्या सांगू. पण काम जमत गेलं. प्लेट पहिल्याच फटक्यात बसली. ते सुरू झालेलं एकदा ऐकावं, एवढंच..."

"हे कारण नाही."

"नाही," तो म्हणाला. हाताच्या नखांत अडकलेला चंदेरी रंग तो खरवडत होता. "तो गेला की आप्पांसमोर मी एकटा उरतो. तो आहे म्हणून निम्म्या शिव्या तिकडे जातात."

थोरलीला वाटलं आपण ओरडू, पण तोंडातून आवाज अगदी साधा निघाला.

"निम्म्या शिव्यांसाठी तुम्ही भावाचा संसार अडवलात."

"तुला नाही कळायचं."

"मला कळायला मी असते कुठं? मी फाटकावर."

तिच्या रागात स्वार्थ होता आणि निदान स्वतःपासून ती तो लपवत नव्हती. धाकटा राहत होता त्या वरच्या दोन खोल्या तिला हव्या होत्या. त्याहून जास्त हवं होतं ते हे, की धाकटा डोळ्यांसमोरून हलावा आणि आप्पांनी दोघांना एकाच दोरीवर झुलवणं बंद करावं. मग कधीतरी गॅरेज कुणाचं ते तोंडानं सांगावं लागेल. लिफ्टच्या नोकरीची जाहिरात तिनंच धाकटीच्या नजरेस पडेल अशी ठेवली होती. इतकी महिनाभराची मेहनत, आणि ती घरच्याच माणसानं पत्र्याच्या झाकणासारखी बोल्ट आवळून बंद केली.

धाकटी मनगटाला ओलं फडकं गुंडाळून आली. थोरला उठू लागला, तशी ती म्हणाली, "बसा भावजी. तुमच्यासमोर बोलले तरी चालेल." मग थोरलीकडे वळली. "जाऊबाई, आपलं पटत नाही. ते आज जुळवायला मी आले नाही. तुम्हाला आम्ही गेलेलो हवे आहोत. मला जायचंय. मदत मागायला याहून जास्त गोडी माझ्याकडे नाही."

"पुरेशी आहे," थोरली म्हणाली.

"पंप बसवायला सांगा यांना. आजच निघतो."

"शहरात घेणार नाहीत म्हणतात ना?"

"नाक्यापर्यंत तर जाऊ. पुढचं पुढे बघू. इथं राहून काय बघायचं, ते मी सात वर्षं बघितलंय."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. "पंप कुठं मिळेल?"

"जुना आप्पांच्या लोखंडी कपाटात असेल. काढलेलं ते विसरतात, ठेवलेलं विसरत नाहीत." तो थांबला. "पण किल्ली ते देणार नाहीत."

"तुम्ही मागा."

त्यानं मान खाली घातली. थोरलीनं सुई कापडात टोचून ठेवली आणि उठली.

"खरंच, ताई," धाकटी म्हणाली, "एवढी वर्षं कसं काढलंत?" जाऊबाईची ताई कधी झाली हे तिच्याही लक्षात आलं नसावं. थोरलीच्या आलं.

---

आप्पा ऑफिसात आरामखुर्चीत टेकून बसले होते, कपाळावर ओला रुमाल. ऑफिस म्हणजे शेडला लागून काचेची खिडकी असलेली खोली. तिथून ते दिवसभर दोन्ही मुलांच्या पाठी बघत. आई टेबलाशी बसून चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळत होती.

"आप्पा, कपाटाची किल्ली हवी होती."

"कशाला?"

"पंप काढायचाय."

"कुणाला पाहिजे?"

"गाडीला."

"गाडीला कुठं जायचंय? आत घेत नाहीत म्हणे."

"तुम्हाला ते आजच कळलं का?"

आप्पांनी रुमाल उचलला. टेंगूळ चांगलंच वर आलं होतं. "मी रोज पेपर वाचतो," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून."

थोरली न विचारता खुर्चीवर बसली. या खोलीत ती पूर्वी कधी बसली नव्हती.

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं. दोघं गप्प राहिलात आणि मिळून एकच काम केलंत."

"बापलेक आहोत."

"हे तुम्हाला अभिमानाचं वाटतं?"

"तुला काय वाटायचं ते वाटू दे. ऐक." आप्पा भांडत नव्हते, हिशेब समजावून सांगावा तसं बोलत होते. "तुझा नवरा हाताचा चांगला आहे, पण कुणी मागे उभं राहिल्याशिवाय त्याच्याकडून काम संपत नाही. धाकटा हुशार आहे, त्याला एकट्याला दिलं तर वर्षात पाटी बदलेल. दोघं एका छपराखाली असले की एकमेकांच्या धाकानं सरळ चालतात. माझ्या धाकानं नाही, एकमेकांच्या. मला त्यांच्यात फक्त बसून राहावं लागतं."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी कुठं चाललोय?"

आईचा दोरा संपला. तिनं तो दातानं तोडला. ती हे पहिल्यांदा ऐकत नव्हती, हे थोरलीला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि तिला सासूची कीव न येता चीड आली.

तेवढ्यात बाहेर इंजिन सुरू झालं. आधी खडखडलं, एक झटका घेतला, मग त्या जुन्या, जाड, एकसुरी आवाजानं ऑफिसची काच थरथरू लागली. आप्पांची मान आपोआप तिकडे वळली. क्षणभर ते नुसते ऐकत राहिले, आणि थोरलीला वाटलं की आता या माणसाला मुलगा आठवत नाहीये, फक्त टॅक्सी.

खिडकीतून धाकटा दिसला. स्टिअरिंगवर होता. मागच्या सीटवर दोन बॅगा फेकलेल्या. जावई गाडीपुढे हात पसरून उभे होते.

"अरे बाबा, ब्रेक नाहीत!"

"हँडब्रेक आहे."

"चढ-उतार आहेत रस्त्यात! माझा ट्रकसुद्धा तिथं—"

"बाजूला व्हा भाऊजी. नाहीतर पहिले तुम्हीच."

"जाऊ दे त्याला," आप्पा खोलीत म्हणाले. "फाटकापर्यंत जाईल. खांब एकच फुटलाय, दुसरा शिल्लक आहे."

आई उठली. चष्मा तिनं डोळ्यांवर चढवला. तो तिरका बसला. कमरेच्या पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यातली एक तिनं सोडवली. कपाटाची दुसरी किल्ली तिच्याजवळ असते हे आप्पा विसरले होते, किंवा ती कधी वापरेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काय करतेयस?" आप्पा म्हणाले. "तुलाच तो इथं हवा होता ना?"

"हवा होता. अजून हवाय." किल्ली तिनं थोरलीच्या तळहातावर ठेवली. "माझ्याजवळ नसला तरी चालेल. कुठंतरी असायला हवा." मग थोरलीला म्हणाली, "आधी त्याला चावी काढायला लाव. पंप बसल्याशिवाय हलू देऊ नकोस. आणि निघताना मला बाहेर बोलावू नका."

---

पंप खालच्या खणात होता, तेलकट कापडात बांधलेला, बोल्टांसकट. थोरल्यानं तो खोलला, पाती मोकळी केली, तेल सोडलं. गॅस्केट जुनं होऊन तुटलं होतं. थोरलीनं जाड गॅस्केटचा कागद आपल्या कात्रीनं झाकणाच्या मापात कापून दिला. ते चंदेरी झाकण उतरलं तेव्हा त्याची आतली बाजू जागोजाग गंजलेली निघाली.

दोघे भाऊ बॉनेटखाली वाकून उभे होते, खांद्याला खांदा लावून. धाकट्यानं उजेडासाठी बॅटरी धरली होती. दोघांत झालेलं बोलणं थोरलीनं ऐकलं ते एवढंच:

"पाइप बसला?"

"बसला."

"क्लिप आवळ. आता आत बसून पेडल दाब," थोरला म्हणाला.

"हलकं झालं."

"पुन्हा दाब."

"झालं म्हणतोय ना हलकं."

फुटलेल्या दिव्याच्या जागी थोरल्यानं दुसऱ्या गाडीचा दिवा तारेनं बांधला. मग हात पुसत, भावाकडे न बघता म्हणाला, "एक फेरी मारून आणतो. आपली माणसं बसवून."

"माझी माणसं मी बसवतो," धाकटा म्हणाला आणि बायकोसाठी दार उघडलं.

ती बसली. काच खाली करून थोरलीला म्हणाली, "वरच्या खोलीतला पंखा आवाज करतो. नंतर सांगितलं नाही म्हणू नका."

"मला आवाजाची सवय आहे."

आक्का रडत होती. आपण का रडतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं; सकाळी ती आईच्या बाजूनं होती, आता आईनंच बाजू बदलल्यावर तिला जागा उरली नव्हती. आप्पा ऑफिसच्या खिडकीत होते. आई आतच राहिली. जावई आपला ट्रक घेऊन थोडे आधी निघून गेले होते. कुणाला निरोप न देता ते गेले असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

"चढावर क्लच दाबून धरू नकोस," थोरला खिडकीशी वाकून म्हणाला. "क्लचची प्लेट नवी आहे." त्याला आणखी काही बोलायचं होतं. धाकट्यानं पुरेसा वेळ वाट पाहिली, हेही खरं.

"खांब दुरुस्त करून घे, दादा," तो म्हणाला. "पाडून गेलो असं नको व्हायला."

थोरलीनं फाटक उघडलं. गाडी उतारावरून आली, रस्त्याच्या तोंडाशी ब्रेक लावून व्यवस्थित थांबली, धाकट्यानं दोन्ही बाजूंना बघितलं आणि ती वळली. काळा धूर थोडा वेळ फाटकात रेंगाळला. जड इंजिनानं गाडीचं नाक नव्या स्प्रिंगांवरही किंचित खाली झुकलेलं दिसत होतं.

फाटक लावून ती वळली तेव्हा थोरला शेडमध्ये कंप्रेसरच्या रिकाम्या लोखंडी चौकटीसमोर उभा होता. ऑफिसातून आप्पांची हाक आली. "कुठं मेलास? ती व्हॅन कोण पुसणार?" हाक एकालाच होती आणि ती पूर्ण त्यालाच मिळाली. थोरली त्याच्या बाजूनं गेली, पण थांबली नाही. मशीनवर बसून तिनं टोचलेली सुई काढली.

---

दिवे लागायच्या सुमारास आक्काच्या फोनवर जावयांचा फोन आला. धाकट्याचा मोबाइल दुपारपासून बंद होता. आक्कानं आवाज मोठा करून फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. आई भाजी निवडत होती, ती थांबली. थोरली दारात उभी राहिली. थोरला तेलकट हातांनीच आत आला.

"गाडी दिसली," जावई म्हणाले. मागून हॉर्न ऐकू येत होते. "नाक्याच्या अलीकडे. कडेला लावलीय, नीट, रस्ता सोडून. तारेनं बांधलेला दिवा बघून ओळखली."

"आणि ते?" आक्कानं विचारलं.

"आत कुणी नाही."

"तोंड कुठं आहे गाडीचं?" थोरला म्हणाला. "शहराकडे का इकडे?"

"कुठंच नाही रे. पार्किंगमध्ये आडवी लावलीय, भिंतीकडे तोंड करून."

"बॉनेट?"

"बंद. हात लावला. गरम आहे अजून."

"नाक्यावर विचारलंत का?" थोरली दारातून म्हणाली.

"विचारलं. तिथला शिपाई म्हणतो, गाडी सोडून लोक पायी पलीकडे जातात, तिकडून बस मिळते. काही परत फिरतात, इकडच्या बसनं. म्हणतो, मी गाड्या तपासतो, माणसं नाही."

आईनं हातातली शेंग ताटात ठेवली. "बॅगा? त्याच्या बॅगा आहेत का गाडीत?"

"मागच्या सीटवर काही नाही."

"डिकीत बघा," थोरला म्हणाला.

"बघितलं. लॉक आहे," जावई म्हणाले. मग त्यांच्या मागे ट्रकांची रांग लागली, कुणीतरी ओरडलं आणि त्यांना फोन ठेवावा लागला.